बॅगेतली एक वस्तू आणि तिची गोष्ट : वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा अनुभव धागा

नमस्कार मंडळी,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या, सोडलेल्या आणि सोडून पुन्हा परतलेल्या सगळ्यांना हे आमंत्रण. तुमच्याकडची अशी एक वस्तू सांगा, जी विकून टाकायला हात धजावत नाही. तिची ताकद किती याची चौकशी नको. ती कुणाची होती आणि तुमच्या हाती कशी आली, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. २००७ च्या जानेवारीत खेळाचा बर्निंग क्रुसेड हा नवा भाग आला आणि मी ब्लड एल्फ जमातीचं पात्र घेतलं. घोस्टलँड्समध्ये विंडरनर स्पायरच्या पडक्या मनोऱ्याखाली शत्रू मारत होते, तर एकाजवळ गळ्यातलं सापडलं. त्यावर कोरलं होतं, 'सिल्वानासला, कायमच्या प्रेमाने, अलेरिया'. अलेरिया थोरली बहीण, डार्क पोर्टल या दारातून पलीकडच्या जगात लढायला गेली ती परतलीच नव्हती. सिल्वानासला आर्थसने, म्हणजे पुढे लिच किंग झालेल्या दुष्ट राजपुत्राने, मारून बॅन्शी (किंकाळ्या फोडणारं भूत) केलं होतं, आणि आता ती फोर्सेकन या मेलेल्यांच्या जमातीची राणी होती. मी उत्साहाने ते गळ्यातलं तिच्या राजधानीत, अंडरसिटीत, नेऊन दिलं. ती चिडली, या जुन्या गोष्टींशी माझा काही संबंध नाही म्हणाली आणि ते खाली टाकलं. मी निघणार, तेवढ्यात तिने गायला सुरुवात केली. तिच्याभोवती बॅन्शी वर तरंगू लागल्या आणि सूर मिसळू लागल्या. भाषा एल्फांची, एक शब्द कळत नव्हता. मला दोन बहिणी आहेत, दोघी लांब. त्या रात्री मी दोघींना फोन केले.

पुढे दुसऱ्या एल्फला तेच गळ्यातलं मिळालं, ते मी राणीला दिलं नाही. बँकेच्या पहिल्या कप्प्यात आहे. आता तुम्ही लिहा.

सांगलीहून

ताई, माझ्या बॅगेत काही उरलेलं नाही, तरी लिहितो. खेळात ईस्टर्न प्लेगलँड्स या प्रदेशात डॅरोशायर नावाचं उजाड गाव आहे. तिथे एका घरात पामेला रेडपाथ नावाची लहान मुलगी एकटी असते. ती भूत आहे, पण तिला ते ठाऊक नाही. थंडी वाजते म्हणते आणि बाबांची वाट बघते. तिची बाहुली तीन तुकड्यांत शेजारच्या घरांतून पडलेली : डोकं, डावी बाजू, उजवी बाजू. ते गोळा करायचे, जोडायचे आणि तिला नेऊन द्यायचे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी क्लासिक (खेळाची पुन्हा आणलेली जुनी आवृत्ती) खेळत होतो आणि आठ वर्षांची लेक खुर्चीच्या हातावर बसून बघायची. बाहुली दिली तरी हिचं समाधान होईना. "हिचे बाबा कुठंयत?" रोज तोच प्रश्न. उत्तर शोधायचं तर लांबलचक क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, होती : मार्लीन आत्या, कार्लिन काका, क्रोमीकडचा इतिहासाचा ग्रंथ, मग ढाल, पोथी, कवटी, मोडकी तलवार अशा चार वस्तू. त्या चार वस्तूंनी डॅरोशायरची जुनी लढाई पुन्हा उभी राहते. खऱ्या इतिहासात पामेलाचे वडील जोसेफ त्या लढाईत मारले गेले आणि भ्रष्ट होऊन आपल्याच गावावर उलटले. आपण त्या भ्रष्ट रूपाला हरवलं की त्यांचा आत्मा सुटतो. आम्ही गिल्डमधले (खेळातल्या आमच्या गटातले) सात जण जमलो होतो. दोनदा हरलो, तिसऱ्यांदा जमलं.

मग जोसेफ गावातून चालत पामेलाच्या घराकडे जातात आणि ती पळत बाहेर येते. माझी लेक काही न बोलता उठून आत गेली आणि हात तुटलेली स्वतःची कापडी बाहुली घेऊन आली. आईने त्याच रात्री दिव्याजवळ बसून तो हात शिवून दिला.

पुण्याहून, पुरातत्त्वाची विद्यार्थिनी

दादा, तुमच्या बाहुलीवरून मला माझी बाहुली आठवली. २०१० च्या डिसेंबरात खेळाचा कॅटॅक्लिझम हा भाग आला आणि त्यात आर्किऑलॉजी आली. मी तेव्हा शाळेत होते. माझ्या भावाचं, दादाचं, अकाउंट होतं, पण उत्खनन माझ्याकडे. नकाशावर प्रत्येक खंडात चार जागा खुणावलेल्या. तिथे उडत जायचं, सर्व्हे करायचा, की जमिनीवर तिवईवरची छोटी दुर्बीण उभी राहते आणि दिवा लागतो. लाल म्हणजे लांब, पिवळा म्हणजे जवळ आलात, हिरवा म्हणजे अगदी जवळच. दुर्बीण जिकडे रोखलेली तिकडे चालायचं. त्या काळी एका जागेवर तीन वेळा सापडलं की जागा संपायची आणि दुसरीकडे निघावं लागायचं. आमच्या गिल्डमधले सगळे उलडूममधल्या तोलव्हिर जमातीच्या जागांसाठी अख्खं कालिमडोर खंड पालथं घालायचे, कारण तिथल्या कॅनोपिक जारमध्ये वायल ऑफ द सँड्स या जादूच्या कुपीची कृती निघायची आणि त्यातून स्वतःच ड्रॅगन होऊन मित्राला पाठीवर बसवता यायचं. मला नाईट एल्फांच्या वस्तूंचे तुकडे आवडायचे.

बहुतेक वेळा करड्या अक्षरांत नाव असलेल्या, म्हणजे किरकोळ वस्तू मिळत. दुकानदार नाममात्र पैसे देतो. पण प्रत्येकीखाली दोन-चार ओळी लिहिलेल्या असत : ही कशाची, कुणी वापरली. मी विकायच्या आधी प्रत्येक ओळ वाचायचे, दादा वैतागायचा. आणि एकदा मिळाली टायरांडीची आवडती बाहुली. नाईट एल्फांची मुख्य पुजारीण, हजारो वर्षं जगलेली बाई, आणि जमिनीतून तिची लहानपणची बाहुली वर येते. युद्धाची कुठलीही वस्तू मिळून मला एवढा आनंद झाला नव्हता.

आज अभ्यासात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाचे अहवाल वाचते. १९६८ ते १९८३ अशी तिथे डेक्कन कॉलेजने खोदाई केली. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी निघाली, तिच्यात मातीची बाईची मूर्ती, आणि सोबत आणखी एक बिनडोक्याची मूर्ती अन् बैल. देवी म्हणतात तिला. पण तिच्याखाली कोणी दोन ओळी लिहून ठेवलेल्या नाहीत. खंदकात बसून मी जोर्वे संस्कृतीची काळ्या नक्षीची लाल खापरं ब्रशने साफ करते, लेबल लावून पिशवीत भरते, तेव्हा खेळातल्या त्या ओळी फार आठवतात. तिथे मालकिणीचं नाव आयतं मिळायचं. इथे ते मिळावं म्हणून आयुष्य घालवायला मी तयार आहे.

मिरजेहून, डॉक्टर

बेनेडिक्शन. प्रीस्टची, म्हणजे इतरांना बरं करणाऱ्या पात्राची काठी. २००६ मध्ये इंटर्न होतो, होस्टेलमधून परदेशी सर्व्हरवर खेळायचो. बटण दाबलं की पाव-अर्ध्या सेकंदाने मंत्र लागायचा.

ही काठी कुणी देत नाही, मिळवावी लागते. मोल्टन कोरमध्ये मेजरडोमो या बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) पेटीतून आय ऑफ डिव्हिनिटी निघतो. तो अंगावर चढवला असेल तरच ईस्टर्न प्लेगलँड्समधली एरिस हेवनफायर दिसते. स्ट्रॅथहोम शहरातून जीव घेऊन पळणाऱ्या गावकऱ्यांना वाचवता वाचवता तिने प्राण दिला होता, आणि तोच प्रसंग ती आपल्यापुढे मांडते. गावकऱ्यांचे जथे येत राहतात, वरून बाण पडत असतात, काहींना प्लेग झालेला. पन्नास जणांना वाचवायचं आणि पंधरा मरायच्या आत. मदतीला कुणीही चालत नाही. सगळ्यांना हील करत बसलात तर संपलात. कोणाला आधी, कोणाला नंतर आणि कोणाला सोडून द्यायचं, हे डोळ्याने ठरवावं लागतं. बाणाने जखमी माणूस थोडा वेळ धरतो. प्लेगवाल्याला आधी रोगातून सोडवलं नाही तर तो पाहता पाहता जातो.

पहिल्यांदा त्रेचाळीस वाचवले आणि होस्टेलची वीज गेली. अंधारात बसून होतो बराच वेळ. आठवडाभराने कॅज्युअल्टीत बसचा अपघात आला, तेवीस जखमी एकदम. आमच्या सरांनी दारातच उभं राहून प्रत्येकाकडे काही सेकंद पाहिलं आणि कोण कुठे जाईल ते सांगितलं. मी त्यांच्या मागे वही घेऊन उभा होतो. पुढच्या महिन्यात एरिसकडे परत गेलो तेव्हा मला कळत होतं काय बघायचं ते. अकरा गेले, पन्नास वाचले.

वर्षभराच्या आत बर्निंग क्रुसेडमधल्या नव्या प्रदेशातल्या, आउटलँडमधल्या, साध्या हिरव्या काठ्या तिच्यापेक्षा सरस ठरल्या. ती बँकेत आहे. अधूनमधून काढतो, क्लिक करून अनाथेमा, म्हणजे तिचं काळं रूप, करतो, परत बेनेडिक्शन करतो आणि ठेवून देतो.

ठाण्याहून

अ‍ॅशब्रिंगर. माझी नव्हे, गिल्डमधल्या मित्राची. नॅक्सरामस या किल्ल्यात फोर हॉर्समन या बॉसकडून मिळते ती भ्रष्ट झालेली तलवार, धरणाऱ्याच्या कानात कुजबुजणारी. तो आम्हाला म्हणाला, चला, स्कार्लेट मॉनेस्टरीत जाऊ, लढायचं नाही. जिथे आजवर शेकडो वेळा आमच्यावर धावून आले, ते सगळे सैनिक त्या तलवारीपुढे गुडघे टेकत होते. आम्ही चौघे त्याच्यामागून चालत गेलो, कोणी बोलत नव्हतं. कॅथेड्रलमध्ये सेनापती रेनॉल्ट मोग्रेनही वाकला. तेवढ्यात त्याचा बाप अलेक्झांड्रोसचा आत्मा प्रकट झाला. याच मुलाने त्याला याच तलवारीने पाठीमागून मारलं होतं. मुलगा क्षमा मागतो, बाप त्याला मारतो आणि मग म्हणतो, क्षमा केली.

२०१६ च्या लीजनमध्ये शुद्ध झालेली अ‍ॅशब्रिंगर प्रत्येक रेट्रिब्यूशन पॅलाडिनला मिळाली, मलाही. छान आहे. पण माझ्यासाठी खरी ती मित्राच्या हातातलीच.

डिचोली, गोव्याहून

निवृत्त माणूस आहे, भाचरांनी शिकवलं. मला लढाया झेपत नाहीत, म्हणून खेळातल्या दालारान शहराच्या कारंज्यात गळ टाकून बसतो. त्यातून नाणी निघतात : तांब्याची, चांदीची, सोन्याची. प्रत्येकावर ते टाकणाऱ्याचं नाव आणि त्याने मागितलेलं मागणं. खेळाच्या कथेतल्या जेनाचं आहे, उथरचं आहे, सिल्वानासचं आहे, केलथुझाडचंही. आर्थसचं सोन्याचं नाणं हाती आलं त्या दिवशी मी गळ बाजूला ठेवला. पुढे तो काय झाला हे सगळ्यांना माहीत. पण कधीतरी तोही इतरांसारखा कारंज्यापाशी उभा राहिला होता आणि काहीतरी मागून नाणं टाकलं होतं. आमच्या गावच्या तळीतही लोक टाकतात.

बोस्टनहून

डॉक्टरसाहेब, तुमच्यासारखीच माझीही काठी, पण ती माझ्याकडे नाही. अटिएश, खेळातल्या मेडिव्ह या महान जादूगाराची काठी. क्लासिकमध्ये नॅक्सरामस १ डिसेंबर २०२० ला उघडलं. त्यातल्या बॉसकडून एकेक तुकडा मिळतो, असे चाळीस लागतात, आणि रेडमध्ये, म्हणजे चाळीस जणांच्या मोहिमेत, मिळणारे सगळे तुकडे एकाच माणसाला द्यावे लागतात. नाहीतर कुणाचीच काठी होत नाही. आमच्या गिल्डमध्ये ते कुणाला द्यायचे हे ठरवायचं होतं. सगळ्यात जुनी मेज (जादूगार) मी, पहिल्या दिवसापासूनची. मतदान झालं आणि एका ड्रुइडला मिळाली. तो फारसा बोलायचा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग कळलं, तो इस्पितळात रात्रपाळी करून, झोप न घेता रेडला यायचा, त्या हिवाळ्यात.

आठवड्याला दोन-तीन तुकडे, कधी एक, कधी काहीच नाही. नवा भाग लवकरच येणार अशी चर्चा सुरू झाली आणि आमचे बत्तीसच तुकडे. आम्ही तारखा मोजायला लागलो. शेवटचा तुकडा मेच्या पहिल्या आठवड्यात पडला. मग तो अ‍ॅनाक्रोनोसकडे, मग सीथून या बॉसकडून बुंधा, केलथुझाडकडून वरचा भाग, आणि शेवटी स्ट्रॅथहोममध्ये काठीत शिरलेला राक्षस. तिथे आम्ही पाचच जण जाऊ शकत होतो. त्याने पहिलं नाव माझं घेतलं.

जूनमध्ये आउटलँड उघडलं आणि सगळे काराझान मनोऱ्याच्या वाटेवर घोडे दौडवायला लागले. आमच्या गिल्डला ती वाट लागली नाही. मेडिव्हचा तो मनोरा, आणि मेडिव्हच्याच काठीने तिथली वाट उघडते. दर आठवड्याला तो काठी जमिनीवर टेकवायचा, निळसर पोर्टल उघडायचं आणि पहिली मी आत जायचे.

एडिनबराहून

थोडक्यात लिहितो. इन्व्हिन्सिबल, आर्थसचा घोडा. लिच किंगकडून मिळतो, पंचवीस जणांच्या हिरोइकमध्ये (अवघड पातळीवर). शंभरात एखाद्याला, असं खेळणारे सांगतात. तरुण आर्थसने बर्फात त्याला उडी मारायला लावली, घोड्याचे पाय मोडले आणि आर्थसलाच आपल्या हाताने त्याला संपवावं लागलं. पुढे आर्थस त्या मेलेल्या घोड्यालाच उठवून त्याच्यावर स्वार झाला. माझं दर बुधवारी चालू आहे, साडेसहा वर्षं, पाच पात्रांवर. अजून नाही. मिळाला की पहिल्यांदा त्याला टिरिसफलमध्ये बाल्नीर फार्मस्टेडवर नेणार आहे, तो जन्मला तिथे.