मराठवाडा पडद्यावर आला की सोबत दुष्काळच का येतो? अलीकडच्या मराठी चित्रपटांविषयी

गोदाकाठ (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या दोन-तीन वर्षांतले जे मराठी चित्रपट मला मनापासून आवडले, ते सगळे आपापल्या मुलखाला घट्ट धरून उभे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’मधून कोकण वजा केले तर मागे काही उरणार नाही. दिलीप प्रभावळकरांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर उभा केलेला बाबुली मेस्त्री तिथल्या लोककलेशिवाय आणि खाणीच्या संकटाशिवाय कल्पिताच येत नाही. (उत्तरार्धात चित्रपट सूडकथेच्या वाटेला लागतो आणि खलपात्रे फार ढोबळ होतात, हे मला खटकले.)

जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ मार्च २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गावात एका मुलीला पाहायला पाहुणे येतात, नाव, शिक्षण, उंची, छंद असे ठरलेले प्रश्न विचारतात आणि निघून जातात; पुढच्या वेळी माणसे वेगळी असतात, प्रश्न मात्र तेच. सुरुवातीलाच मुलाला समोर बसवून बायका त्याला हेच सगळे विचारत आहेत असे उलटे दृश्य आहे. त्यावर प्रेक्षागृह मनमोकळे हसते आणि नंतरच्या अर्ध्या तासात हळूहळू गप्प होते. कापसाचा भाव आणि मुलीचे लग्न यांचा हिशेब एकाच घरात कसा मांडला जातो, हे या चित्रपटाने कुठलेही भाषण न करता दाखवले. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्येही वडिलांच्या निधनानंतरचे दहा दिवस, त्या दिवसांतले पाळायचे नियम आणि लग्नाविषयी नातेवाइकांची टोचणी इतक्या संथपणे येते की दोन पुरुषांमधली जवळीक त्या घराचाच भाग वाटते. सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला २०२५ साली ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते मला अगदी योग्य वाटते.

आता आपल्याकडे वळतो. मराठवाड्याच्या वाट्याला या काळात ठळकपणे आला तो आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची ही खरी गोष्ट आहे: गावात पाणी नाही म्हणून सोयरीक जुळत नाही आणि त्यातून गावाला पाण्याच्या कामाला लावणारा तरुण उभा राहतो. चित्रपट प्रामाणिक आहे, परंतु प्रेमकथेचा गोडवा जरा जास्त झाला आणि गावातली भांडणे फार लवकर मिटली, असे माझे मत आहे. तरी माझा मुख्य प्रश्न या एका चित्रपटापुरता नाही. कोकणाला भुते, देव, कला, हास्य, वाडे असे सगळे मिळते; आपल्याला भेगाळलेली जमीन आणि रिकामी घागर एवढेच का मिळते? दुष्काळाबाहेरचा मराठवाडा दाखवणारा एखादा अलीकडचा चित्रपट आपण पाहिला आहे का?

मांजराकाठ (लातूर)

आपल्या तक्रारीशी मी अर्धाच सहमत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पुरवावे लागले, ते ज्यांनी पाहिले त्यांना दुष्काळ हा चित्रपटवाल्यांनी लादलेला विषय वाटणार नाही. आक्षेप घ्यायचाच तर दुष्काळ दाखवण्याच्या ठरीव पद्धतीवर घ्यावा. आधी कोरडी विहीर, मग सावकार किंवा बँकेची नोटीस, शेवटी झाडाला दोर, अशी ती साखळी प्रेक्षकाला तोंडपाठ झाली आहे. ‘पाणी’ या साखळीत अडकत नाही, म्हणूनच मला तो आपल्यापेक्षा अधिक आवडला. पाण्याच्या टंचाईतून मुलांची लग्ने अडतात, हे आमच्या भागातल्या कुठल्याही वधू-वर मेळाव्यात ऐकू येणारे वास्तव आहे, आणि ते सांगायला प्रेमकथाच योग्य होती. शिवाय ६६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक चित्रपटाचा सन्मान मिळूनही तो सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहोचला. हे पुरस्कार २०१८ सालच्या चित्रपटांचे होते. एवढा उशीर कशामुळे झाला असेल तो असो, पण तोवर अनेकांचा उत्साह ओसरला होता.

दुष्काळाबाहेरचे म्हणाल, तर आमच्या शहरात दहावी-बारावीच्या शिकवण्यांभोवती एक पूर्ण अर्थव्यवस्था उभी आहे. खोल्या, खाणावळी, अभ्यासिका, मुलांसोबत भाड्याने येऊन राहिलेल्या आया आणि गावाकडे एकटे उरलेले बाप. इतके नाट्य डोळ्यांसमोर असताना त्यावर मनासारखा मराठी चित्रपट मी पाहिलेला नाही.

सीमेवरचा (देगलूर)

माझे दुखणे भाषेचे आहे. पडद्यावरचा ‘गावाकडचा’ माणूस कुठल्याही जिल्ह्यातला असो, सातारा-कोल्हापूरकडच्या वळणाचेच बोलतो. ‘दशावतार’मध्ये मालवणी ऐकताना किंवा ‘स्थळ’मध्ये चंद्रपूरकडची बोली ऐकताना जो विश्वास बसतो, तो मराठवाड्याच्या पात्रांबाबत क्वचित बसतो. ‘स्थळ’मध्ये तर बहुतेक भूमिका त्या परिसरातल्या नवख्या माणसांनी केल्या आहेत आणि त्याचा फायदा प्रत्येक वाक्यात जाणवतो. आमच्याकडे ‘काय करूलालास?’ असे सहज विचारतात, बीडकडे तसे विचारत नाहीत. बाजारात तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू कानावर पडत असते. या भागाने निजामाची राजवट पाहिली, १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो भारतात आला आणि पुढे भाषावार प्रांतरचनेत हैदराबादपासून वेगळा झाला. हा सगळा इतिहास इथल्या माणसाच्या बोलण्यात, खाण्यात आणि जमिनीच्या जुन्या उर्दू कागदपत्रांत शिल्लक आहे. हिंदू-मुस्लिम शेजाराची साधी घरगुती गोष्ट त्या भाषेत सांगितली, तरी तो चित्रपट दुसऱ्या कुठल्या मुलखाचा वाटणार नाही.

बालाघाट (बीड)

वरच्या सर्वांची मते वाचली. मला वाटते, आपल्याकडचा सर्वांत मोठा न सांगितलेला विषय ऊसतोडीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात, मुकादमाने दिलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात राबते, आणि एक दिवस खाडा पडला तर तो पैसा अंगावर चढतो. हा विषय बातम्यांत भरपूर आला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर विधिमंडळातही चर्चा झाली. चित्रपटाला मात्र पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधणाऱ्या बाईचे रडणे तेवढे दिसते, तिचा हिशेब दिसत नाही.

इथे मला ‘आता थांबायचं नाय’ची आठवण होते. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी दहावीच्या परीक्षेला बसतात, एवढीच ती गोष्ट. तिच्यात कष्टकऱ्यांचे दारिद्र्य विकायला मांडलेले नाही. त्यांची थट्टामस्करी, आळस, परीक्षेची भीती सगळे आहे. शेवटाकडे चित्रपट टाळ्यांसाठी थोडा थांबतो, तेवढे चालवून घेतले. मुकादम, मजूर आणि कारखान्याचा शेतकी कर्मचारी यांच्यातला व्यवहार अशाच खेळकर पण चोख नजरेने कुणी लिहिला, तर मी पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहायला जाईन.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

आपण सगळे विषयांची यादी करत आहोत. अडचण विषयांची नाही, खेळांची आहे. ‘साबर बोंडं’सारखा चित्रपट आमच्या शहरातसुद्धा गैरसोयीच्या वेळेला लागतो आणि तालुक्याच्या गावी बहुधा लागतच नाही. कुणी तरी पाहून दुसऱ्याला सांगेपर्यंत शुक्रवार उजाडतो आणि पडद्यावर नवा हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपट असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ला सकाळपासून रात्रीपर्यंत खेळ मिळाले, कारण मागणी तशी होती, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्या भागातून लहान चित्रपटाला तिकिटे विकली जात नाहीत, त्या भागाची गोष्ट सांगायला निर्माता पैसे का घालेल? सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा लाभ जुन्या एकपडदा चित्रपटगृहांना व्हायला हवा होता. पण आमच्याकडची अशी कितीतरी चित्रपटगृहे त्याआधीच मंगल कार्यालये झाली. चांगला चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर इथल्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाची वाट पाहावी लागते, आणि परभणी-हिंगोलीच्या माणसाने त्यासाठी मुक्कामाला यावे ही अपेक्षा जास्तच आहे.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. वेरूळवाट, खेळांचा मुद्दा खरा आहे, पण तो विदर्भालाही लागू होतो आणि तरीही तिथून ‘स्थळ’ आला. तेव्हा सगळा दोष पडद्यांच्या संख्येवर टाकणे मला पटत नाही. तिथे दिग्दर्शकाने आपल्याच गावाकडे कॅमेरा नेला आणि आपल्याच माणसांना समोर उभे केले. मांजराकाठ, ‘पाणी’विषयीचे आपले म्हणणे विचार करायला लावणारे आहे, तरीही गावातल्या राजकारणाची धार बोथट झाली हे माझे मत कायम आहे, पाणलोटाच्या कामात कुणाच्या शेतातून चर जाणार यावरून भावकी कशी फुटते, हे आपण दोघेही जाणतो. बालाघाट, ऊसतोडीच्या कल्पनेत एक भर घालावीशी वाटते: आईबाप कारखान्यावर गेल्यावर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलाच्या बाजूने ती गोष्ट सांगितली, तर हिशेबही येईल आणि रडारड टळेल. आपल्यापैकी कुणाच्या पाहण्यात असा लघुपट आला असेल तर त्याचे नाव इथे जरूर द्यावे.