शेवटच्या दिवसांतल्या माणसाला संशोधनात घ्यावं का?

रामबागची लेक
आईला जाऊन वर्ष झालं. शेवटचे पंधरा दिवस इंदुरातल्याच एका रुग्णालयात गेले. एका दुपारी एक मुलगी फॉर्म घेऊन आली. वेदनेवरचा अभ्यास होता, रोज वीस प्रश्न विचारणार होते. फॉर्म हिंदीत. आई लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. हिंदी बोलायची, वाचताना अडखळायची. थरथरत्या हाताने सही केली आणि मला हळूच म्हणाली, "आता घरी सोडतील ना?"
ते वाक्य डोक्यातून जात नाही. जाणाऱ्याला निवांत जाऊ द्या, एवढंच माझं म्हणणं.

वॉर्डातली सिस्टर
ताई, त्या दिवशी जे झालं ती संमती नव्हेच. पण म्हणून विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. शेवटी घशात घरघर लागते, नातेवाईक कान झाकून बाहेर जातात. त्यावरचं औषध आधीच द्यावं का, हे नेदरलँड्सच्या 6 हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रांत, 157 रुग्णांवर तपासलं. 2021 मध्ये निष्कर्ष आले: औषध मिळालेल्यांत घरघर 13 टक्क्यांना, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. संमती आधीच घेतली होती, माणूस पुरता शुद्धीवर असताना. घरघर सुरू झाल्यावर विचारणार कोणाला?
बोस्टनचा 2010 चा अभ्यासही बघा. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे 151 रुग्ण. पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी देखभाल, मिळालेल्यांतले निम्मे 11.6 महिन्यांहून जास्त जगले. बाकीच्यांत तोच आकडा 8.9. तेही शेवटी जोरकस उपचार कमी घेऊन. हे त्या रुग्णांनी हो म्हटलं म्हणून कळलं.

जुना इंदूरकर
सिस्टर, नेदरलँड्सचं तिकडे राहू द्या. औषध चाचण्यांवरून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्वास्थ्य अधिकार मंच आपल्या इंदूरचाच. ज्या डॉक्टरच्या हातात जीव, त्यालाच नाही कसं म्हणायचं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे रुग्ण दुर्बल गटात धरलेत, ते उगाच नाही. उपचार करणाऱ्याने संमती मागूच नये, दुसऱ्या कोणी मागावी. आणि उद्या नको वाटलं तर कारण न देता थांबता यावं.

वॉर्डातली सिस्टर
काका, हे शंभर टक्के मान्य. पण आमची खरी अडचण वेगळीच असते. "आईसमोर कॅन्सर म्हणू नका" असं घरचेच बजावतात. आजाराचं नावच लपवलं, तर फॉर्मवर सही कशाची? अशा घरातला रुग्ण मी अभ्यासासाठी सुचवतच नाही. मग ज्यांना सगळं माहीत असतं तेवढेच अभ्यासात येतात, आणि बाकीच्यांचं दुखणं कुठे मोजलंच जात नाही.

रामबागची लेक
सिस्टर, आम्हीही तेच केलं. पोटात गाठ आहे, औषधाने विरघळेल, असं सांगितलं होतं. फॉर्म आणणाऱ्या मुलीला दाराबाहेर अडवून "तो शब्द काढू नका" असं मीच सांगितलं. मगाशी हे लिहायचं टाळलं.

जुना इंदूरकर
पोरी, तो काळच तसा असतो. तरी त्या मुलीने तिथेच फॉर्म मिटवायला हवा होता.

वॉर्डातली सिस्टर
हो, मिटवायलाच हवा होता. ताई, आईंना सगळं सांगून विचारलं असतं, तर काय म्हणाल्या असत्या?

रामबागची लेक
नेत्रदानाचा फॉर्म तिने स्वतः मागवला होता. चष्मा पुसून, दोन हिंदी शब्दांचे अर्थ मला विचारून, पूर्ण वाचला आणि मगच सही केली.