अनुभव धागा: आपलं आपण शिकलेलं विणकाम आणि हाताला लागलेली वळणं

दोन सुयांचं विणकाम बहुतेकींनी कुणाच्या तरी शेजारी बसून, नाहीतर व्हिडिओ बघून उचललेलं असतं. स्वेटर होतो, घातलाही जातो, त्यामुळे हात कुठे वाकडा पडलाय हे वर्षानुवर्षं कळत नाही. मग जाळीचा किंवा वेणीचा नमुना घेतला की तो चित्रासारखा दिसेना होतो. इथे अशा सवयी लिहा: काय बिघडतं, का, ओळखायचं कसं, हात वळवायचा कसा. आठवणी नकोत, सुई-टाक्याचं बोला.

माझ्याकडून सुरुवात पिळलेल्या टाक्यांची, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण घ्या आणि सुलट बाजू उजेडात धरा. प्रत्येक टाका उघड्या व्हीसारखा दिसला पाहिजे. खाली दोन्ही पाय, म्हणजे टाक्याच्या दोन बाजू, एकमेकांवर चढून फुली होत असेल तर तो टाका पिळलाय. कारण दोनांपैकी एक असतं. एक, सुलट विणताना सुई मागच्या पायातून घालणं. दुसरं, उलट टाक्यावर धागा चुकीच्या बाजूने फिरवणं. उलट टाक्यात पुढे असलेला धागा उजव्या सुईच्या वरून मागे जातो आणि खालून पुढे येतो. पुष्कळ जणी तो खालून मागे नेऊन वरून आणतात, कारण ते जवळचं पडतं. तसं केलं की टाका सुईवर तिरपा बसतो आणि पुढच्या ओळीत पुढच्या पायातून विणला की पिळतो. दोन्हींपैकी काहीही असलं तरी एकाआड एक ओळच पिळते, म्हणून चटकन दिसत नाही.

सोपी खूण: डाव्या सुईवरच्या टाक्याचे दोन पाय बघा. टोकाकडचा, म्हणजे उजवा पाय सुईच्या पुढे असला तर टाका सरळ बसलाय. मागे असला तर तिरपा. सुई कायम उजव्या पायातून घालायची, मग तो पुढे असो की मागे. टाका पिळत नाही.

बारानंबरी
वरचं बरोबर, फक्त एक भर. ज्यांच्या हातात दोन्ही सवयी एकदम असतात, त्यांची वीण सपाट कामात अगदी स्वच्छ येते. तिरप्या बसलेल्या टाक्याला मागून विणलं की तो सरळ होतो. दोन चुका एकमेकींना फेडतात. ही पद्धत जगात रीतसर वापरतात, तिला कॉम्बिनेशन म्हणतात. ती मोडायची गरज नाही. पण दोन ठिकाणी ती दगा देते.

पहिलं, गोल सुईवर टोपी किंवा मोजे विणताना. तिथे उलट ओळच नसते. सगळे टाके सुलट ओळीतून आलेले, म्हणजे सरळ बसलेले. हात मात्र सवयीने मागूनच सुई घालतो आणि प्रत्येक टाका पिळतो. टोपी तिरकी फिरत जाते, शिवण नसूनही उभ्या रेघा कलतात. गोल विणताना सुई पुढून.

दुसरं, टाके कमी करताना. नमुन्यात ‘२ एकत्र’ लिहिलेलं असतं ते सरळ बसलेल्या टाक्यांसाठी, आणि ते उजवीकडे कललं पाहिजे. तुमचे टाके तिरपे असतील आणि मागून दोन एकत्र विणलेत तर घट, म्हणजे कमी केलेला टाका, डावीकडे कलते. बाहीच्या किंवा गळ्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात त्या यामुळे. उजवी घट हवी असेल तर दोन्ही टाके आधी सुईवर फिरवून उजवा पाय पुढे आणायचा, मग पुढून एकत्र. डावी घट तुम्हाला आयतीच मिळते. ज्यांचे टाके सरळ बसतात त्यांना मात्र तिच्यासाठी दोन टाके एकेक करून सुलटासारखे उजव्या सुईवर घ्यावे लागतात, परत डाव्या सुईवर ठेवावे लागतात आणि मागून एकत्र विणावे लागतात. एकेक करून हे महत्त्वाचं. दोन्ही एकदम सरकवले तर घट डावीकडे नीट कलत नाही.

लोकरगुंडा
घट्ट विणणाऱ्यांसाठी. धागा बोटावर किती वेळा गुंडाळता हे बघण्याआधी टाका सुईच्या कुठल्या भागावर तयार होतोय ते बघा. सुईचं टोक निमुळतं असतं. टाका टोकावरच ओढून घेतला तर तो टोकाच्या जाडीचा होतो, मग त्याला पूर्ण जाडीवर ढकलताना बोट दुखतं. वेढा घेतल्यावर उजवी सुई पूर्ण जाडीपर्यंत आत सरकवायची, मगच जुना टाका सोडायचा. डाव्या हाताच्या तर्जनीने उजव्या सुईचं टोक मागे ढकलायची सवय असेल तर तीही इथेच सुटते, कारण टाका आपोआप सरकतो.

सुई बदलून हे दुरुस्त होत नाही. जाड सुई घेतली तरी टोक बारीकच.

उलटसुलट
माझा विषय: उलट ओळी सैल पडणं. तुकड्याची उलटी बाजू बघा. आडव्या रेघा जोडीजोडीने येत असतील आणि दोन जोड्यांमध्ये फट असेल तर उलट ओळ सुलटीपेक्षा ढिली आहे. उलट टाक्यात धाग्याला लांबचा फेरा पडतो, त्यामुळे तो जास्त घेतला जातो. उपाय: उलट ओळीसाठी एका नंबरने बारीक सुई. सुलट १० नंबरवर तर उलट ११ वर. गोल सुयांच्या बदलत्या टोकांच्या संचात एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं लावता येतं. दोन सुट्या सुयांवर तर अडचणच नाही, फक्त त्या अदलाबदल होणार नाहीत म्हणून एकीला नखरंग लावा.

एक-सुलट-एक-उलट बॉर्डरमध्ये सुलट टाका फताडा दिसतो तोही याचाच भाऊ. सुलटाकडून उलटाकडे जाताना धागा पुढे येतो आणि ढील सोडतो. उलट टाक्याचा धागा विणल्याबरोबर हलका ओढा, पुढच्या टाक्यापर्यंत थांबू नका.

टाकेमोजणी
‘टाके आपोआप वाढतात’ या प्रश्नाला जवळजवळ नेहमी दोनच उत्तरं. (१) ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे टाकला जातो. त्यामुळे कडेचा टाका वर ओढला जाऊन त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात, आणि दोन्ही विणले जातात. धागा खाली, पुढच्या बाजूला लोंबता ठेवूनच ओळ सुरू करा. (२) बॉर्डरमध्ये धागा पुढे-मागे नेताना तो दोन सुयांच्या मधून न जाता सुईवरून जातो. नकळत जाळीचा वेढा पडतो: एक टाका जास्त आणि एक भोक.

कडेकोट
टाके घालणं आणि बंद करणं यांवर कुणी लिहीत नाही, आणि बाळंतविड्यातला स्वेटर बाळाच्या डोक्यातून जात नाही तो नेमका तिथेच. गळ्याची बॉर्डर १० नंबरवर विणली तर टाके ८ नंबरच्या, म्हणजे जाड, सुईने बंद करा, आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट असेच. सगळे सुलट विणून बंद केले तर कड ताणली जात नाही. अंगठ्याच्या पद्धतीने टाके घालताना शेपूट, म्हणजे धाग्याचं मोकळं टोक, विणायच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवा.

समोरच्या पट्टीसाठी कडेवरून टाके उचलताना प्रत्येक ओळीला एक उचलू नका. साध्या विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो. ४ ओळींना ३ टाके. जास्त उचलले तर पट्टी झालरीसारखी फुगते, कमी उचलले तर पुढचा भाग वर ओढला जातो.

उलटसुलट
@कडेकोट, ४ ला ३ हे साध्या विणीचं. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत दर दोन ओळींना एक उचला, म्हणजे कडेच्या प्रत्येक गाठीला एक.

बारानंबरी
मापाचं राहिलंच. सवय बदलली की हाताचं माप बदलतं. पिळलेला टाका घट्ट बसतो, सरळ केलात की तीच लोकर, तीच सुई असूनही तुकडा बहुधा रुंद येतो. म्हणून अर्धा झालेला स्वेटर जुन्याच हाताने पुरा करा. पाठ एका हाताची आणि पुढचा भाग दुसऱ्या हाताचा असं करू नका. नव्या हातासाठी किमान १५ सेंमी रुंदीचा मापाचा तुकडा विणा, धुवा, सुकवा आणि कडा सोडून मधले १० सेंमी मोजा. १०० सेंमी छातीसाठी १० सेंमीत २२ टाके धरून २२० घातले आणि प्रत्यक्षात २० बसत असतील, तर स्वेटर ११० सेंमीचा होतो.

आणि नंबरांचा घोळ. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नमुन्यात उलटं, तिथली ८ नंबर ५ मिमीची. नमुना घेताना मिलिमीटरच बघा. ‘मी फार सैल विणते’ म्हणणाऱ्या कित्येकींचा हात ठीक असतो, सुई चुकलेली असते.

लोकरगुंडा
धुण्यावरून: बाजारात लोकर म्हणून मिळते ती बरीचशी ॲक्रिलिक असते. तिला इस्त्री टेकवायची नाही. वाफ जास्त झाली तरी धागा मरतो, लुळा पडतो आणि पुन्हा उठत नाही. ओली करून, आकार देऊन, टॉवेलवर सपाट सुकू द्या. नवा गुंडाही कडेलाच जोडा. शुद्ध लोकरीची टोकं ओली करून तळहातांत घासली की एकमेकांत रुजतात, ॲक्रिलिकची रुजत नाहीत.

टाकेमोजणी
हात वळवायला काय विणावं असं एकीने विचारलंय. ३० टाक्यांची पट्टी, सुती धाग्याची नको, फिक्या रंगाची लोकर, कारण काळ्या रंगात पाय दिसत नाहीत. दर ओळीनंतर थांबून सुईवरचे टाके बघा, उजवा पाय कुठे आहे. वेग आला की जुनी सवय परत डोकावते, म्हणून टीव्हीसमोर नको. शिलाईचा दोरा दाभणात ओवून दर दहाव्या ओळीतून घालून ठेवा. उसवावं लागलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं आणि टाके सुटत नाहीत.