मदत हवी आहे: बाबांच्या डोळ्यांसाठी ढोबळी मिरची, पण नेमकी कुठल्या रंगाची?

नमस्कार मंडळी, बाबांच्या डोळ्यांची तपासणी केली त्यात मॅक्युलर डिजनरेशनची (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याच्या आजाराची) सुरुवात निघाली, ड्राय प्रकार आहे, डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पालेभाज्या आणि रंगीत भाज्या भरपूर खा, तपासणी चुकवू नका, झालं, पुढचा पेशंट. आता घरात ढोबळी मिरचीवरून जुंपलीये. दादा म्हणतो फक्त लालच आणायची, हिरवी म्हणजे कच्चं फळ, तिच्यात काय असणार. आईला लाल गोडसर लागते म्हणून ती हटकून हिरवीच आणते. मी म्हटलं जरा वाचून बघू तर डोकं अजूनच फिरलं. शंभर ग्रॅम हिरवीत व्हिटॅमिन सी ८० मिलिग्रॅमच्या आसपास आणि लालमध्ये १२५ च्या वर, बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं ते) तर लालमध्ये कितीतरी पट, म्हणजे दादा जिंकला. पण दुसरीकडे लिहिलंय ल्युटीन (डोळ्यांसाठी चांगलं म्हणतात ते पिवळं रंगद्रव्य) हिरवीत जास्त, आणि लाल रंग ज्याच्यामुळे येतो ते कॅप्सँथिन, ते डोळ्यांना उपयोगाचं की नाही हे कोणी धड सांगतच नाही.

तर कुठला रंग द्यायचा? कच्ची की परतून? आणि मेडिकलवाल्याने डोळ्यांसाठी म्हणून एक कॅप्सूल दाखवली, तिच्यावर बीटा कॅरोटीन लिहिलंय, ती चालेल का? बाबांनी पूर्वी बरीच वर्षं सिगरेट ओढलीये, आता बंद आहे, म्हणून मुद्दाम विचारतेय.

ता.क. मावशीने फॉरवर्ड पाठवलाय की तीन उंचवट्यांची मिरची नर आणि चारवाली मादी, मादी जास्त पौष्टिक. खरंय का हो हे?

बिनसाखरेचा: आधी कॅप्सूलचं बोलू, बाकी सगळं नंतर. बीटा कॅरोटीनवाली अजिबात आणू नका. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर मोठी ट्रायल झाली होती, १९९४ ला निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक ट्रायल १९९६ ला मधेच थांबवावी लागली आणि तिच्यात सिगरेट सोडलेलेही होते. म्हणून २०१३ पासून डोळ्यांच्या फॉर्म्युल्यात त्याच्याऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिआझँथिन (ल्युटीनसारखंच रंगद्रव्य) घालतात. ती कॅप्सूलही आजार मधल्या टप्प्यावर गेल्यावर, अगदी सुरुवातीला फायदा दिसलेला नाही, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिली नाही ती बहुतेक त्यामुळेच. भाजीतून पोटात जाणाऱ्या बीटा कॅरोटीनची मात्र भीती नाही, ते खुशाल खाऊ द्या.

पानोपानी: रंगाचं मी सांगते. डोळ्याच्या पडद्यावर, मॅक्युलात, जमा होतात ती ल्युटीन आणि झिआझँथिन. कॅप्सँथिन चांगलं अँटिऑक्सिडंट आहे पण त्याचं व्हिटॅमिन ए होत नाही आणि मॅक्युलाच्या पिवळ्या रंगातही त्याचा वाटा नाही. मिरची पिकताना हिरवं क्लोरोफिल जातं आणि आतल्या पिवळ्या रंगद्रव्यांपासूनच झाड हा लाल रंग बनवतं, आणि लालमध्ये ल्युटीन फारसं उरत नाही. शंभर ग्रॅम हिरवीत ल्युटीन-झिआझँथिन मिळून ०.३४ मिलिग्रॅम, लालमध्ये ०.०५. म्हणजे या एका बाबतीत आई जिंकल्या 😄 पण फार हुरळून जाऊ नका, कच्च्या पालकात हेच १२ मिलिग्रॅम असतं. नुसत्या हिरव्या मिरचीतून १० मिलिग्रॅम काढायचं तर रोज तीन किलो खावी लागेल! केशरी मिळाली तर जरूर आणा, झिआझँथिन तिच्यात चांगलं असतं आणि ते बाकी भाज्यांत फार कमी सापडतं.

हिरवी म्हणजे काही नाही हेही चूकच, क्वेर्सेटिन आणि ल्युटिओलिन ही फ्लेव्होनॉइड्स (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट्स) कोवळ्या फळात जास्त असतात, पिकताना कमी होत जातात.

बिनसाखरेचा: नर-मादी बंडल आहे. मिरचीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर पुंकेसर दोन्ही असतात, प्रत्येक फळात बिया असतात. उंचवटे किती येतील ते वाणावर आणि वाढीवर.

खिडकीतली (धागाकर्ती): किती छान समजावलंत दोघांनी! कॅप्सूल रद्द. पानोपानी, परतायचं राहिलं बघा. आणि हिरवी खाल्ली की बाबांना तासन्‌तास ढेकर येतात, त्याला काय करू?

पानोपानी: अगं हो. थोड्या तेलात पटकन परत, ल्युटीन वगैरे तेलात विरघळणारी आहेत, तेलाशिवाय नीट अंगी लागत नाहीत. फार वेळ शिजवू नको, आणि उकडून पाणी तर ओतूच नको, सी त्या पाण्यासोबत जातं. ढेकरांसाठी मिरची थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत भाज, झाकून ठेव, मग साल बोटांनीच निघते, बऱ्याच जणांना ती सालच जड जाते. तरी नाही जमलं तर हिरवी सोड सरळ, पिवळी दे, तिच्यात सी लालपेक्षाही जास्त असतं, १८० च्या आसपास, आणि ल्युटीनसाठी पालक आहेच.