हयातीत शेत पोरांच्या नावावर करावं का?

गिरणाकाठ (पाचोरा)
आमच्याकडे माणसाची साठी उलटली की भाऊबंद विचारू लागतात, "नाना, पोरांच्या नावावर कधी करता?" माझं मत: करू नये. मृत्युपत्र लिहावं. त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घेतलेली बरी. मन बदललं तर नवं लिहा, शेवटचं तेच धरतात. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. मुलांना शेती द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, म्हणून लोक उठतात आणि सब-रजिस्ट्रारकडे जातात. मग सातबाऱ्यावरून नाव गेलं की पीएम किसानचे वर्षाचे 6,000 बंद, पीककर्ज बंद, आणि घरात विचारपूसही कमी होते.

केळीवाला (रावेर)
नाना, आता कसणाऱ्याची बाजू ऐका. माझी पंचेचाळिशी आली. केळीची टिश्यूकल्चर रोपं मी आणतो, रात्रीची लाइट असली की पाण्याला मी जातो, व्यापाऱ्याशी भावावरून मी भांडतो. वादळात बाग आडवी झाली तर विम्याचे पैसे कोणाच्या खात्यात? वडिलांच्या. पीककर्ज त्यांचं, ठिबकचं अनुदान त्यांचं. पोराच्या फीसाठी या वयात बापापुढे हात पसरायचा का? आणि मृत्युपत्राचं कौतुक पुरे. म्हातारा गेला की कोणीतरी उठतंच, "तेव्हा त्यांना समजत नव्हतं" म्हणत. पुढे दिवाणी कोर्टाच्या तारखा. त्यापेक्षा वडिलोपार्जित जमिनीची जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांपुढे वाटणी करून टाका, सगळे समोरासमोर सह्या करतात.

लेक माहेरची (शिरपूर)
दोघंही "पोरं, पोरं" करताय, त्यात लेकी धरल्यात का? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तोही जन्मापासून. त्या वर्षी वडील हयात नसले तरी फरक पडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. तेव्हा नाना, शेत वडिलोपार्जित असेल तर तुमचं मृत्युपत्र तुमच्या हिश्श्यापुरतंच. आमचा वाटा तुम्ही कोणाला लिहून देणार?

आणि केळीवाले भाऊ, त्या समोरासमोरच्या सह्या मी पाहिल्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी बोलवायचं, झोका बांधून द्यायचा, सांजोऱ्या खाऊ घालायच्या आणि निघताना हक्कसोडीचा कागद पुढे करायचा. नाही म्हटलं तर पुढच्या आखाजीला बोलावणं नाही.

केळीवाला (रावेर)
ताई, लग्नात हुंडा, सोनं दिलं, ते कोणत्या खात्यात धरायचं?

लेक माहेरची (शिरपूर)
हुंडा घेणं-देणं 1961 पासून गुन्हा आहे. तो सासरी गेला, माझ्या हातात आला नाही. वाट्यातून कसा वजा करता?

निवृत्त गुरुजी (अमळनेर)
नानांच्या भीतीवर थोडा उपाय आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकतं. पण अट हवी. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर बोट ठेवलं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला. तुम्ही निकालांच्या भरवशावर राहू नका, कागदातच लिहून घ्या. "प्रेमापोटी देत आहे" एवढंच लिहून देणारे रायटर भरपूर आहेत.

दुसरं, तुम्ही सगळे जमिनीतच अडकलात. औषधाची दुकानं उताऱ्यावर गोळ्या देत नाहीत. थोडी रोकड असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा: 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या 8.2 टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. टक्का-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून पतसंस्थेत जाऊ नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पतसंस्था बुडालेल्या पाहिलेल्या जळगाव जिल्ह्यात हे मी सांगायला नको. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे काढून वारसांना देणारा माणूस.

गिरणाकाठ (पाचोरा)
ताईंचा मुद्दा मान्य, माझं शेत खरेदीचं आहे म्हणून मी तसं लिहिलं. केळीवाले, तुमची नड विम्याच्या पैशांची दिसते. मग वडिलांशी नोंदणीकृत भाडेकरार करा. त्यावर कसणाऱ्याला विमा काढता येतो. मालकी त्यांची, पीक तुमचं.

केळीवाला (रावेर)
बापाशी भाडेकरार? भो, गाव काय म्हणेल?

लेक माहेरची (शिरपूर)
बहिणीची सही घेताना गाव आठवलं नव्हतं.

केळीवाला (रावेर)
बरं. वाटा घेतलात तर कसायला येणार का?

लेक माहेरची (शिरपूर)
यायची गरज काय? भावालाच खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, कसायला देईन. कागद मात्र नोंदणीकृत.