मदत हवी आहे: नेटवर्कचा स्विच आणि वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट नेमके कुठे बसवावेत?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची इमारत जुनी, तीन मजली, दगडी भिंती चांगल्या दोन-दोन फुटी. मुख्य स्विच (नेटवर्कच्या सगळ्या केबल जिथे जोडतात ती पेटी) तळमजल्यावर जिन्याखाली आहे. तिथून वरच्या मागच्या खोलीपर्यंत केबल वळसे धरून १०० मीटरच्या पुढे जाते, म्हणजे कॅट-६ (नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल, तिची मर्यादा १०० मीटर) बाद. मग मधल्या मजल्यावर दुसरा स्विच ठेवून तिथवर फायबर (काचेच्या तंतूची केबल) न्यावी, की रॅकच (मुख्य स्विच ठेवायची चौकट) वर हलवावा? वायरमन म्हणतो, "ठेवा कुठंही, चालतंय की!"

अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या पेट्या) चार घेणार आहोत. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच (१, ६, ११). चौथा पुन्हा १ वर ठेवून पहिल्यापासून लांब टांगला तर भागेल का? नकाशावर भिंती दाखवून जागा सुचवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर कुणी वापरलंय का?