जंगल तोडणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकायचे की ठेवून जाब विचारायचा?

रानवाट:
नॉर्वेचा सरकारी पेन्शन फंड ऐकला असेल, जगातल्या सगळ्यात मोठ्या फंडांपैकी एक. त्यांनी २०१२ मध्ये पाम तेलाच्या २३ कंपन्यांमधून पैसा काढून घेतला, कारण इंडोनेशिया-मलेशियात जंगल साफ करून जी लागवड चालली होती ती त्यांना पटली नाही. हे वाचलं आणि मी माझ्या एसआयपीच्या फंडाचा पैसा कुठल्या कंपन्यांत आहे ती महिन्याची यादी उघडली. समोर बिस्किटाचा पुडा होता, त्याच्यावर बघितलं तर मैदा, साखर आणि तिसरं पाम तेल, आणि तीच कंपनी यादीत! पाम तेल जगात सगळ्यात जास्त आयात आपणच करतो हो, त्यामुळे हे कुठलं तरी लांबचं प्रकरण नाहीये. माझं मत, अशा फंडातून बाहेर पडावं. मी पडतोय.

आकडेमोड:
विकून काय होणार पण? तुमचा शेअर दुसरा कोणीतरी घेणारच, कंपनीच्या तिजोरीतला रुपया हलत नाही. उलट जाब विचारणारा माणूस गेला आणि ज्याला काही पडलेलं नाही तो आत आला.

रानवाट:
मग त्याच २३ मधल्या विल्मार कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये जंगल तोडणार नाही, पीटच्या दलदलीच्या जमिनीवर लागवड नाही, लोकांचं शोषण नाही असं धोरण का जाहीर केलं?

आकडेमोड:
गिऱ्हाइकामुळे. युनिलिव्हरबरोबरचा करार तेव्हाचाच आहे. आणि त्याच वर्षी जूनमध्ये सुमात्रातल्या आगींच्या धुराने सिंगापूरचा श्वास कोंडला होता, विल्मारचं हेड ऑफिस तिथेच.

सुरंगी:
सासूबाई घरी फरसाण करून विकतात, पामोलिनचा १५ किलोचा डबा महाग झाला की आधी आमच्या पोटावर येतं, म्हणून थोडं बोलते. पामचं झाड हेक्टरी सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतं, पाम बंद केलं तर तेवढ्या तेलाला जमीन जास्तच लागेल, ती कुठून आणणार? ब्राझीलमधून? आणि इंडोनेशियातली साधारण ४० टक्के लागवड छोट्या शेतकऱ्यांची आहे, ते काही शेअर बाजारात नाहीत, पण फटका त्यांनाही बसतो.

रानवाट:
ताई, पाम बंद करा असं मी म्हणतच नाहीये. आहे त्या मळ्यातून हवं तेवढं काढा, नवीन जंगल तोडू नका. पीट म्हणजे हजारो वर्षं कुजत साचलेला ओला थर, पाम लावायला चर खणून त्यातलं पाणी काढतात, मग तो वाळतो आणि एकदा पेटला की जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. २०१५ मध्ये इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळलं, त्यात पीट केवढं होतं! ते जंगल परत येत नाही, आपल्या नातवंडांच्या हयातीतही नाही. याच्यावर मिळालेला परतावा मला नको.

आकडेमोड:
तुमची तळमळ समजतेय, खरंच. पण हातातलं हत्यार टाकू नका. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या सगळ्या ठरावांवर मत द्यावंच लागतं, आणि कसं दिलं ते जाहीर करावं लागतं. तुमच्या फंडाने काय केलंय बघितलंत का कधी?

रानवाट:
नाही बघितलं, चूक माझी. पण मी दोन कंपन्यांचे बीआरएसआर अहवाल, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलची जबाबदारी सांगणारे, वाचलेत, वीज पाणी कचरा सगळं आहे, तेल कुठल्या मळ्यातून आलं ते कुठेच नाही. युरोपच्या २०२३ च्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलातला माल चालणार नाही, कुठल्या तुकड्यात पिकला ते नकाशावर दाखवायचं. त्याची अंमलबजावणी लांबली हे खरं, पण प्रश्न तरी नीट विचारलाय! आपल्याकडे हे कोण विचारणार?

आकडेमोड:
तुम्हीच विचारा. फंड हाऊसला मेल टाका, कुठल्या गिरणीतलं तेल आणि तुम्ही मत कसं दिलंत, एवढंच.

रानवाट:
बरं, टाकतो. दिवाळीपर्यंत थांबतो, उत्तर आलं नाही तर विकणार म्हणजे विकणार.

सुरंगी:
आलं तर इथे टाका हं. मी पण उद्या होलसेलरकडे चाललेय, डबा घेताना त्यालाच विचारते.